एमसी पत्राचा साउंडचेक

“काका, अजून खाली. पब्लिकच्या पायातून वर आलं पाहिजे.”

स्टेजवरचं पोरगं मला तिसऱ्यांदा तेच सांगत होतं. रविवारची दुपार, तीन वाजून गेलेले. साडेचारला प्रोग्राम सुरू. आठ कलाकारांपैकी सहा जणांचा साउंडचेक उरकला होता आणि हे सातवं बारा सेकंदांच्या एका आवाजावर अडून बसलं होतं. माझं डोकं तापायला लागलं. तीस वर्षं लाउडस्पीकरच्या धंद्यात काढल्यावर एकोणीस वर्षांचं कुणी बेस शिकवायला लागलं, की तापतंच.

माझं नाव गफूर. लातूरला गंजगोलाईच्या मागं आमचं साउंडचं दुकान. अब्बांच्या काळात कर्णे आणि बॅटरीवरचा ॲम्प्लिफायर होता. लग्न, उरूस, सप्ता, इलेक्शन, कुणाची म्हैस हरवली, सगळ्याला आमचेच कर्णे. आता डिजिटल मिक्सर आहे, मोठे डबे आहेत, टेम्पो आहे. काम तेच. एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं.

त्या रविवारच्या प्रोग्रामला पोरं शोकेस म्हणत होती. म्हणजे असं, की ज्यांची गाणी फक्त मोबाइलवर आणि मित्रामित्रांत चालतात, अशा रॅप करणाऱ्यांना दहा-दहा मिनिटं खरं स्टेज द्यायचं. खरा माइक, खरी पब्लिक. ही मंडळी स्वतःला अंडरग्राउंड म्हणवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोलीस मागं लागलेत की काय. नांदेडची स्नेहा नावाची पोरगी हे सगळं जमवायची. डेंटल कॉलेजात शिकत होती, पण दात सोडून बाकी सगळ्यात तिचं लक्ष. नांदेडला एका मंगल कार्यालयात तिनं असा एक शो केला होता, साउंड माझाच होता. जळकोटचा एक, देवणीचा एक, उमरीची एक पोरगी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, रॅप करणारी. मला निम्मं कळलं नाही, पण त्या पोरीनं माइक धरला तेव्हा कार्यालयातले आचारीसुद्धा बाहेर येऊन उभे राहिले. हे रॅप मला तिथून आवडायला लागलं.

लातूरला मात्र हॉल मिळेना. शेवटी ट्यूशन एरियातल्या एका क्लासच्या सरांनी आपला लेक्चर हॉल दिला. तिसरा मजला, दोनशे खुर्च्या, भाडं नाही. अटी तीन.

“गफूरभाई, शिव्या नकोत. सातला बंद. आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये चार ते पाच टेस्ट आहे. माझी एक जरी काच वाजली, तरी मी मेन स्विच काढणार.”

“नाही वाजणार, सर.”

हे मी छातीठोक सांगितलं, कारण त्याचा इलाज माझ्याकडं होता. सब म्हणजे सबवूफर, आमचा सगळ्यात मोठा डबा. अगदी खालचा सूर तेवढा तो वाजवतो. कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. तळमजल्यावर त्याचा त्रास नसतो, खालची जमीन बराचसा आवाज पिऊन टाकते. तिसऱ्या मजल्यावर खाली स्लॅब असतो. सब थेट स्लॅबवर ठेवला, की स्लॅबच स्पीकर होतो. खिडक्यांच्या काचा, पंख्यांचे रॉड, वरच्या फॉल्स सीलिंगच्या पट्ट्या, सगळं बोलायला लागतं. म्हणून आम्ही सबखाली जाड फोमची गादी टाकतो. त्या दिवशी दोन्ही सबखाली मी दुहेरी गाद्या टाकल्या होत्या.

तर हे सातवं पोरगं. नाव ऋषिकेश. स्टेजवरचं नाव एमसी पत्रा.

“पत्रा म्हणजे?” मी विचारलं.

“आमचं पुनर्वसनाचं घर हाय, काका. सिमेंटचं. पर अण्णा त्यात झोपत न्हाईत. अंगणात पत्र्याचं शेड हाय, भूकंपानंतर दिलेलं, तिथंच झोपतात. भर उन्हाळ्यात बी. मी बी तिथंच वाढलो. पत्र्यावर काय बी पडलं, की बीट वाजती. तिथनं लागलं हे याड.”

औसा तालुक्यातलं गाव. नाव लिहीत नाही. त्या पट्ट्यातलं कुठलंही समजा.

पोरगं दोन वर्षांपासून लातूरला खोली करून राहत होतं. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी. एकदा बसलं, मार्क कमी पडले, आता दुसऱ्यांदा. आमच्याकडं अशांना रिपीटर म्हणतात. आख्ख्या ट्यूशन एरियात हा शब्द आडनावासारखा चालतो. पुण्यात एका स्टुडिओवाल्यानं त्याचं गाणं ऐकून बोलावलं होतं, राहायची सोय करतो म्हणाला होता. घरी हे सांगितल्यावर वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “एकदा येतो. पुरतं ऐकतो. पटलं तर जा. न्हाई पटलं, तर पुन्हा नाव काढायचं न्हाई, गुमान पुस्तक धरायचं.”

“आणि ते आज येणार?”

“हाव. साडेपाचच्या यष्टीनं.”

मग त्यानं जे सांगितलं, ते खाली बघत सांगितलं. वडिलांचं पहिलं लग्न झालेलं होतं. पहिली बायको आणि मुलगी, दोघी भूकंपात गेल्या. मुलीचं नाव मुक्ता. हे सगळं त्याला आईनं सांगितलं होतं, वडिलांनी आयुष्यात एकदाही नाही. घरात ते नाव कुणी घेत नाही.

“गाण्यात नाव हाय तिचं,” तो म्हणाला.

“वडिलांना माहीत आहे?”

“न्हाई. तेच तर ऐकवायचंय.”

इथं मला थांबायला पाहिजे होतं. पोराला बाजूला घेऊन म्हणायला पाहिजे होतं, बाबा, शब्द ऐकव, तो बारा सेकंदांचा आवाज काढून टाक. पण मी कारागीर माणूस. माझ्या डोक्यात आवाजच बसला होता. कारण त्याचा आवाज चुकीचा होता.

गाण्याच्या सुरुवातीला बारा सेकंद भूकंपाचा गडगडाट, मग त्याचे शब्द, अशी रचना होती. गडगडाट त्यानं कुठून तरी डाउनलोड केला होता.

“हे ढग आहेत,” मी म्हणालो.

“तसंच असतंय की, काका.”

“कुणी सांगितलं? तू जन्मला होतास का? तो आवाज वरून आला नव्हता. खालून आला होता. आणि एकदम आला नव्हता, चालत आला होता.”

मला माहीत होतं, कारण मी ऐकला होता. त्र्याण्णव साली मी सतरा वर्षांचा. लातुरात आम्ही सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आलो आणि वाचलो. आमच्या घरातला एक कपसुद्धा फुटला नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी जीपवर अब्बांचे कर्णे बांधले आणि मी त्या गाडीबरोबर गेलो. डॉक्टर कुठं बसलेत, जेवण कुठं आहे, कोण कुणाला शोधतंय, हे सांगत अकरा दिवस फिरलो. मधून मधून जमीन पुन्हा हलायची. मी बॅटरीजवळ जमिनीवर बसलेलो असायचो, त्यामुळं हादऱ्याच्या आधीचा आवाज मला सगळ्यांत आधी कळायचा. लांबून, डाव्या हातानं, भरलेला ट्रक मातीखालून यावा तसा. तो आला, की माणसं जिथं असतील तिथं ताठ उभी राहायची. कुणी ओरडायचं नाही.

तो आवाज मी तीस वर्षांत कुणाला सांगितला नव्हता. त्या दुपारी अर्ध्या तासात मिक्सरवर बनवला. त्याच्या ढगांतला वरचा कडकडाट कापला. उरलेला भाग दोन सूर खाली नेला. आधी डाव्या सबमधून बारीक सुरू केला, मग हळूहळू उजव्यात सरकवला. तरी समाधान होईना. गादी आवाज खात होती.

“सर मेन स्विच काढतील,” ऋषिकेश म्हणाला.

“तुझी पाळी सहा वाजता. टेस्ट चारला बसते, पाचला सुटते. धर इकडून.”

दोघांनी मिळून सब उचलले आणि गाद्या काढल्या. पुन्हा वाजवलं. काचा थरथरल्या, पंख्याचे रॉड किरकिरले, पायाखालून काहीतरी सरकत गेलं. पोरानं आपला हात पुढं केला, त्यावरचे केस उभे राहिले होते.

“काका, लई डेंजर!”

मी खूश झालो. लिहायला लाज वाटते, पण झालो. मनात म्हणालो, वाह गफूर, हुबेहूब. सेटिंग सेव्ह केली आणि चहा प्यायला गेलो. आधीच्या सहा जणांसाठी सब अगदी बारीक ठेवले होते, त्यामुळं गाद्यांशिवाय भागलं.

प्रोग्राम छान सुरू झाला. हॉल गच्च. पुढं सगळी क्लासची पोरंपोरी. सहा दिवस भौतिक-रसायन घोकून सातव्या दिवशी त्यांना ओरडायला मिळालं होतं, ती कशाला सोडतील? मागच्या रांगेत मोठी माणसं. दोन मेसवाल्या मावशी, हॉस्टेलचा वॉचमन, कलाकारांचे आईबाप, असे दहा-बारा जण. माझा मिक्सर त्यांच्या शेजारीच, दाराजवळ.

पावणेसहाला एक गृहस्थ आले. पांढरा पायजमा, टोपी, हातात कापडी पिशवी. वय साठीच्या जवळ. त्यांनी भिंतीलगतची खुर्ची पुढं ओढून घेतली, भिंतीपासून चांगली दोन हात लांब. वर पंख्याकडं बघितलं. मग मला विचारलं, “जायला दार हे एकच हाय का?”

“हाव, एकच.”

“आमच्या पोराचं कवा हाय? ऋषिकेश.”

“सातवा नंबर. येईल आता. चांगलं करतंय पोरगं.”

“तुम्ही ऐकलं व्हय त्याचं?”

“आवाज ऐकलाय,” मी म्हणालो. “शब्द अजून नाही.”

त्यांनी मान हलवली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. व्यंकटराव त्यांचं नाव, ते मला नंतर कळलं. आता विचार करा. माणूस भिंतीपासून लांब बसतो, छताकडं बघतो, दार विचारतो. त्या पट्ट्यातलं आहे, हे मला माहीत. कोण कोण गेलं, हेही माहीत. मला इतकी ढळढळीत गोष्ट दिसू नये? नाही दिसली. मी पडद्यावर त्याच्या ट्रॅकची सेटिंग शोधत होतो.

सहाला स्नेहानं नाव पुकारलं. “लातूर, आवाज द्या! एमसी पत्रा!” पोरं उठून ओरडली. ऋषिकेश मधोमध आला, मागच्या रांगेकडं बघून त्यानं छातीला हात लावला, मला खूण केली. मी बटण दाबलं आणि दोन्ही सब पूर्ण उघडले.

आवाज डावीकडून आला. चालत आला. पहिल्या चार सेकंदांत काचा बोलायला लागल्या. सहाव्या सेकंदाला खुर्च्यांच्या पायांतून वर आला. पुढची सगळी पोरं आनंदानं किंचाळली, हात वर करून नाचायला लागली. त्यांच्या दृष्टीनं तो जोरदार बेस होता. त्यांच्यातलं एकही तेव्हा जन्मलेलं नव्हतं.

मागची रांग ताठ उभी राहिली. एकदम, सगळी. कुणी ओरडलं नाही. मी बाजूला बघितलं. ते उभं राहणं मी ओळखत होतो. मग ती माणसं दाराकडं धावली. वॉचमन, मावशी, सगळी जिन्यात घुसली.

व्यंकटराव दाराच्या अगदी जवळ बसले होते, सगळ्यांच्या आधी बाहेर पडू शकले असते. ते उलटे धावले. हॉलच्या आत, नाचणाऱ्या पोरांच्या गर्दीतून, खुर्च्या पाडत, थेट स्टेजवर. पिशवी फुटून भाकरी खाली पडल्या, त्यांवर त्यांचाच पाय पडला. स्टेजवर चढून त्यांनी ऋषिकेशला कंबरेला मिठी मारली आणि ओढायला लागले.

पोरांना वाटलं, बाप गाणं बंद पाडायला आलाय. “ए काका, सोडा त्याला!” “हूट, हूट!” पुढच्या दोघांनी व्यंकटरावांना धरलं. त्यांची टोपी पडली. पाच-पन्नास मोबाइल वर झाले. स्नेहा माइकवर म्हणत होती, “काका, प्लीज, दहा मिनिटं तरी...” आणि तो माणूस कुणाशी बोलतच नव्हता. एका हातानं पोराला धरलेलं, दुसऱ्या हातानं त्या दोघांना ढकलत होता.

हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं. मी सब बंद केले, पण खरं सांगतो, गडगडाट पुरता संपल्यावर. मग माझा अनाउन्समेंटचा माइक उचलला. अब्बा सांगायचे, घाबरलेल्या माणसाला लांब वाक्य कळत नाही. तोडून बोल, आणि तीनदा बोल.

“भूकंप नाही. मशीनचा आवाज होता. मशीन बंद केलंय. जिन्यात जे आहेत, त्यांनी तिथंच खाली बसा. भूकंप नाही. मशीनचा आवाज होता. त्या काकांना सोडा. भूकंप नाही.”

मी तो शब्द उच्चारेपर्यंत पुढच्या पोरांच्या मनातही तो नव्हता. मोबाइल एकेक करून खाली आले. त्या दोघांनी हात काढले, त्यांतल्या एकानं टोपी उचलून झटकली आणि ती कुणाला द्यावी हे न कळून हातात धरून उभा राहिला. व्यंकटरावांनी माझं काही ऐकलं नव्हतं. पोराचा टी-शर्ट मुठीत धरून ते त्याला दारातून घेऊन गेले. मी मिक्सर तसाच टाकून मागं पळालो.

जिन्यात एका मावशीचा पाय मुरगळला होता. दुसऱ्या एक बाई पायरीवर बसून लटलट कापत होत्या, त्यांना उमरीची ती रॅपवाली पोरगी पाणी पाजत होती. आणखी कुणाला काही झालं नाही. अल्लाची मेहरबानी. गर्दी जिन्यात उलटली असती, तर आज हे लिहायला मला तोंड उरलं नसतं.

बिल्डिंगसमोर मोकळा प्लॉट आहे, पोरं तिथं गाड्या लावतात. व्यंकटराव प्लॉटच्या बरोबर मधोमध, कुठल्याही भिंतीपासून सारख्या अंतरावर उभे होते. मूठ सुटली नव्हती. मान वर करून बिल्डिंगकडं बघत होते. ती पडायची वाट बघत होते. पाच मिनिटं तरी गेली असतील.

मग त्यांनी विचारलं, “कोन वाजवलं ते?”

“मी, अण्णा,” पोरगं म्हणालं.

“त्यानं नाही,” मी म्हणालो. “त्याचा आवाज खोटा होता. खरा मी केला. तो नको म्हणत नव्हता, पण कळायला पाहिजे होतं मला. चूक माझी हाय.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. “तुमाला कसा म्हाईत त्यो आवाज?”

मी जीप, कर्णे, अकरा दिवस, सगळं सांगितलं.

“तुमच्या घरातलं कोन?”

“कुणी नाही. सगळे वाचले.”

“मंग बरं,” ते म्हणाले.

एवढंच. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्या ‘मंग बरं’नं मला उभ्या जागी लहान केलं. मी अकरा दिवस ऐकून त्या आवाजाचा जाणकार झालो होतो. त्यांनी तो एकदा ऐकला होता.

तेवढ्यात सर खाली आले. तोंड पांढरं पडलेलं. “गफूरभाई, मी काय सांगितलं होतं? माझ्या क्लासातून माणसं पळाली! उद्या पालकांचे फोन आले तर मी काय सांगू?”

“माझा नंबर द्या, सर. मी सांगतो, साउंडवाल्याची चूक.”

“प्रोग्राम बंद. आत्ताच्या आत्ता.”

“बंद केला, सर.”

सरांनी व्यंकटरावांकडं बघितलं, अनवाणी पायांकडं बघितलं. चपला वरच राहिल्या होत्या. सर स्वतः वर जाऊन चपला आणि टोपी घेऊन आले.

ऋषिकेशच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्याला वाटत होतं, संपलं. बापानं एकदा ऐकायचं कबूल केलं होतं आणि ते एकदा असं झालं.

“अण्णा, वर चला. त्यो आवाज काढून टाकतो. नुसते शब्द हायत.”

“वर न्हाई येत मी.”

“मंग...”

“पुरतं ऐकतो म्हनलो हुतो. हितंच म्हन.”

“हितं? बीट न्हाई, काय न्हाई?”

“बीट म्हंजे?”

“वाजतंय ते.”

“नगं ते.”

पोरानं नाक पुसलं आणि सुरू केलं. माइक नाही, ट्रॅक नाही. धंद्याच्या नजरेनं सांगायचं तर फार वाईट झालं. आवाज फाटत होता, दुसऱ्या ओळीला श्वास संपला, एक ओळ विसरला आणि पुन्हा मागून घेतली. वरच्या खिडक्यांतून पोरं बघत होती, पण कुणी शिट्टी मारली नाही. मी ते शब्द पहिल्यांदाच ऐकत होतो.

माझ्या आधी एक होती, घरात तिचा फोटो न्हाई,
अण्णा जेवताना गप, माय म्हणती बोलू न्हाई.
तिचं नाव मुक्ता, वय साडेचार,
तिच्या वाट्याची भाकर खाऊन मीच वाढलो फार.
मला दुसरा चान्स भेटला, भेटंल बी तिसरा,
तिला पहिलाच भेटला होता, तो बी अपुरा.

पुढंही होतं, पण व्यंकटरावांनी हात वर केला. पोरगं थांबलं.

“पुन्हा म्हन.”

“कुठनं?”

“नावापासनं.”

त्यानं म्हटलं. व्यंकटराव जमिनीकडं बघत ऐकत होते. त्यांनी अजून एकदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळेला त्यांचे ओठ हलले. नाव त्यांनी स्वतः घेतलं, अगदी हळू, जणू घरात कुणी झोपलेलं आहे.

“साडेचार न्हाई,” ते म्हणाले. “नागपंचमीला पाचवं लागलं हुतं तिला. बांगड्या घेतल्या हुत्या, हिरव्या.”

मग ऋषिकेशनं विचारलं, “अण्णा, सगळी बाहेर पळाली. तुम्ही आत कशाला आलाव?”

त्यांनी उत्तर दिलं ते अगदी साध्या आवाजात. शेताचा बांध कुठं आहे हे सांगावं, तसं.

“त्या राती मी जागलीला हुतो शेतात. राखणीला. पळत आलो, तर आत जायला दारच न्हवतं. मातीच सगळी. आज दार हुतं.”

मी रडलो. पन्नाशीला आलेला माणूस, भर रस्त्यात. लाज वाटली नाही.

जाताना त्यांनी चपला घातल्या, टोपी घेतली. पोराला म्हणाले, “पुन्याला जा. पर तिचं वय बरोबर म्हन.”

ऋषिकेश गेला. जायच्या आधी परीक्षा दिली, मार्क आले नाहीत, त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. पुण्यात त्यानं ते गाणं रेकॉर्ड केलं. आता त्यात वय पाचवं आहे. त्यामुळं त्या ओळीचं यमक तुटतं आणि ताल अडखळतो. स्टुडिओवाला म्हणाला, बदल. ह्यानं बदलली नाही. खाली पोरं कॉमेंट लिहितात, गाणं जबरी आहे, फक्त तिथं भाऊचा फ्लो चुकलाय. तो कुणाला उत्तर देत नाही.

त्या मावशींचा पाय तीन आठवड्यांत बरा झाला. सरांनी हॉल पुन्हा कधी दिला नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. स्नेहा आता शो तळमजल्यावर करते. मी अजून तिचा साउंड बघतो. काम घेताना दोन गोष्टी विचारतो. हॉल कितवा मजला, आणि मागच्या रांगेत कोण बसणार, कुठल्या गावचं. पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसरं विचारलं, की पोरं हसतात, म्हणतात, काका, तुम्हाला काय करायचंय? हसू द्या. उत्तर मिळेपर्यंत मी टेम्पोतून सब उतरवत नाही.